पेटीतले केस आणि साहेबांची शाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे माजी सरपंच माननीय दादाभाऊ, सत्कारमूर्ती माननीय संपतराव साहेब, एवढ्या गारठ्यात मंचरहून मोटारसायकलवर आलेले पाहुणे, आणि माझ्या ससेपालक मायबहिणींनो, खोडदच्या महिला गटाच्या वतीनं माझा, आरतीचा, सर्वांना नमस्कार.

साहेबांची बढतीवर बदली झाली. ससेपालन योजनेत ते तीन वर्षं आमचे अधिकारी होते, आता सगळा जिल्हा त्यांच्या हाताखाली येणार. या तीन वर्षांत साहेबांनी ससा किती वेळा हातात घेतला? एकदा. फोटोसाठी. सशानं चांगलं ओरबाडलं, पण फोटो निघेपर्यंत साहेबांचं हसू हललं नाही. असा संयम आम्हा बायांना कुठून येणार?

साहेबांना लिहिण्याची भारी हौस. थंडी पडली की आधी त्यांचं परिपत्रक यायचं, मग हुडहुडी. गेल्या पौषातल्या परिपत्रकात नऊ मुद्दे होते. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, वरून हवा खेळती ठेवा, भुसा ओला राहू देऊ नका. सगळं बरोबर, खोटं कशाला बोलू? फक्त सातवा मुद्दा असा होता, की पिल्लांच्या पेटीतले केस आणि घाण रोज काढून पेटी लख्ख ठेवावी.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. सशाची मादी विणार असली, की स्वतःच्या छातीपोटाचे केस तोंडानं उपटते आणि पेटीत अंथरते. पिल्लं जन्मतात ती उघडी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. आई दिवसातून एखाद्या वेळी येते, पाजते आणि निघून जाते. बाकी वेळ त्यांना ऊब असते ती त्या केसांचीच.

त्या आठवड्यात माझ्या सहा माद्या व्यायल्या होत्या. त्रेचाळीस पिल्लं. आणि वरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. आदल्या दुपारी संपतराव साहेब शेडवर आले, पेटीत डोकावले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अहो ताई, हा काय केरकचरा? मोठ्या साहेबांनी बघितलं तर माझी काय शोभा राहील?"

माझ्या सासूबाई, सरुबाई, या समोर बसल्यात. सगळी हयात मेंढरांमागं गेली त्यांची. त्या म्हणाल्या, "सायेब, कचरा न्हाई त्यो. त्या मायनं सोताचं पोट सोलून अंथरलंय."

साहेब गोड हसले. "आजी, मेंढ्यांचं वेगळं असतं. हे शास्त्र आहे."

आता शास्त्रापुढं आम्ही काय बोलणार? केस काढले. पेट्या पुसल्या. अशा चकाचक केल्या, की त्यात तोंड बघून कुंकू लावावं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. शेडच्या दारात उभे राहिले, समोर माळावरच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघितल्या, "वा, वा" म्हणाले, चहा घेतला आणि गेले. पेटीत कुणी डोकावलंसुद्धा नाही. मी डोकावले होते, पहाटेच. चौतीस पिल्लं लाकडासारखी कडक झाली होती. नऊ वाचली, कारण सासूबाईंनी शास्त्राच्या नजरेआड मूठभर केस पदरात बांधून ठेवले होते आणि आदल्या दिवशी संपतराव साहेबांची गाडी वळताच एका पेटीत परत नेऊन टाकले होते.

आपल्या भागात बिबट्यानं शेळी नेली तर पंचनामा होतो. परिपत्रकानं पिल्लं नेली तर कुणाला बोलवायचं हो? साहेबांनी अहवालात लिहिलं, 'नैसर्गिक थंडी'. आदल्या दुपारीच काढून घेतलेला त्या लख्ख पेट्यांचा फोटो मात्र पुण्यापर्यंत गेला, आणि आज ही बढती. आमचाही त्यात खारीचा वाटा आहे, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

पण राव, एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. केस साहेबांनी काढले नाहीत. मी काढले, या हातांनी. सासूबाई नको म्हणत असताना काढले, कारण सांगणारा खुर्चीवरचा होता. त्याची मला अजून लाज वाटते. आणि आता तोच सातवा मुद्दा साहेबांबरोबर सगळ्या जिल्ह्यात जाणार. समोर बसलेल्या कितीतरी जणींच्या माद्या या महिन्यात विणार आहेत.

म्हणून आम्ही एक कागद आणलाय. दोनच ओळी आहेत: सातवा मुद्दा रद्द, पेटीतल्या केसांना कुणी हात लावू नये. खाली सहीची जागा सोडलीय. दादाभाऊ, जरा पेन द्या साहेबांना.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. शेडात वावरणारी बाई मी, बोलताना तोल गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या.

आता शाल. ती सासूबाईंच्या हातून साहेबांच्या खांद्यावर जाईल. सासूबाई, उठा, पण थांबा, सही होऊ द्या. गारठा आहे साहेब, दिसतोय मला. सावकाश वाचा. आमच्या पिल्लांनी पहाटेपर्यंत वाट बघितली होती.