हरवले नव्हते, उशीर झाला

अमळनेर पोलीस ठाणे
दि. १२ मार्च १९८७

नाव द्रौपदाबाई भिका महाजन, वय अंदाजे साठ, धंदा शेती, रा. अमळनेर, जि. जळगाव.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा लीलाधर याच्याकडे राहते. मी नशिराबादला पोहोचले नाही असा निरोप आल्यावरून त्याने काल येथे मी हरवल्याची खबर दिली. मी हरवले नव्हते. मला उशीर झाला.

नशिराबादला माझी मुलगी कलाबाई बाळंत झाली आहे. तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन मी परवा सकाळी निघाले. मला वाचता येत नाही. जळगावची समजून पारोळ्याच्या गाडीत बसले. चूक माझी. पारोळ्याला उतरल्यावर मला रडू आले. हे लिहू नका असे मी म्हणाले होते, पण खरे ते लिहावे.

स्टँडवर एक तरुण बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. नाव पुष्पाबाई वना सुरवाडे, माहेर धुळे. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच एकटी नवऱ्याकडे वरणगावला निघाली होती. मूल ओकले म्हणून ती पारोळ्याला नळावर जायला उतरली, कंडक्टरला सांगायचे राहिले, गाडी निघून गेली. पिशवी, पैसे व पत्ता गाडीतच गेला. तिच्या पोटात काही नव्हते. अंगावर दूध येईना, मूल रडून दमले होते.

मी डबा उघडला. ती घेईना. म्हणाली, "मावशी, हे तुमच्या लेकीचं आहे."

मी म्हणाले, "तू बी कोनी लेकच शे ना. पहिले खाई ले."

तिने खाल्ले. थोड्या वेळाने मूल प्यायले. मग मी म्हणाले, "माले वाचता येत नही, तुले येस. तिकिटाना पैसा मन्हाजोडे शे. चाल."

ती पाट्या वाचत गेली, मी माणसांना विचारत गेले. जळगावला गाडी बदलली. वाटेत नशिराबाद आले. कलाबाईचे घर रस्त्यावरून दिसते. पुष्पाबाई म्हणाली, "मावशी, उतरा तुम्ही. मी जाईन." पण तिने माझा पदर धरलेला होता. मी उतरले नाही.

वरणगावला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिचा नवरा वना तिथल्या फॅक्टरीत कामाला आहे, पण आत सोडत नाहीत. मी फाटकासमोर उभी राहिले आणि माणसे सुटली तशी ओरडत राहिले, "वना सुरवाडे कोन शे?" लोक हसले. मग एक जण हातातली सायकल तशीच पाडून धावत आला. मूल त्याने तोवर पाहिलेले नव्हते. मी दुसरीकडे तोंड करून उभी राहिले.

त्यांनी मला मुक्कामाला ठेवून घेतले. सकाळी वना नशिराबादपर्यंत सोबत निघाला होता. मी नको म्हणाले. एकटी गेले, नशिराबादला बरोबर उतरले. कलाबाईने डबा पाहिला, निम्मा होता. सगळे ऐकून म्हणाली, "माय, मंग बठ्ठा लाडू दी टाकाना व्हतात."

आज अमळनेरला परत येऊन येथे हजर झाले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लीलाधरचे म्हणणे की यापुढे मी एकटीने जायचे नाही, तो सोबत येईल. माझी हरकत नाही. तो चुकला तर मी आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला दोनदा वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
द्रौपदाबाई भिका महाजन