मिकाएला घंटेचा धर्मपिता

मंडळी, माणूस देवाला घंटा वाहतो, तीवर स्वतःचं नाव कोरतो. मी विचारतो, वाहिल्यावर ती घंटा कुणाची? नुसत्या माना डोलवू नका. ऐका.

सातासमुद्रापार मेक्सिको नावाचा देश. दीडशे वर्षांमागे तिथल्या एका डोंगरी गावात डॉन अनसेल्मो या शेटजींची कापडगिरणी होती. गावाला देऊळ होतं, घंटा नव्हती. बायकांनी तांब्याची भांडी दिली, कानातलं उतरवून दिलं, आणि घंटा ओतली गेली. तिकडे घंटेचं बारसं करतात, बरं का! पाणी शिंपडून नाव ठेवतात, आणि तिला एक धर्मपिता, म्हणजे मानलेला बाप, लागतो. अनसेल्मो पुढे झाला. नाव ठेवलं मिकाएला. घंटा साऱ्या गावाची लेक, म्हणून त्या दिवसापासून तो साऱ्या गावाचा सोयरा. त्याच्या गिरणीत मागावर बसणारी पेत्रासुद्धा त्याला 'सोयरे' म्हणे, आणि त्याला ते आवडे.

मग माणूस वर चढू लागला. निवडून गेला, मंत्री झाला. लढाई पेटली. तोफांसाठी देवळांतल्या घंटा उतरवा, असा हुकूम निघाला. सही कुणाची? ह्याचीच. मिकाएला उतरली. पण वितळली नाही — गिरणीच्या फाटकावर चढली.

पेत्रा फाटकाशी उभी राहिली. "सोयरे, हिच्यात माझ्या आईच्या कानातली कुडी आहे."

"म्हणून तर वाचवली," तो म्हणाला. "आणि सोयरे नको आता. साहेब म्हण."

उजाडायच्या आत मिकाएला वाजायची. उशीर झाला की फाटक बंद. मग ती ओली बाळंतीण असो की तापाने फणफणलेला म्हातारा. आणि हा? राजदूत होऊन युरोपात गेला. दरबारात उभा राहून आपल्या देशाच्या स्वातंत्र्यावर बोलला. टाळ्या पडल्या म्हणे.

परतला तो अंथरुणाला खिळूनच. तिकडची रीत अशी, की धर्मपित्याचा प्राण जाऊ लागला की त्याची घंटा वाजवायची. ऐकेल त्याने हातातलं टाकून गुडघे टेकायचे आणि त्याच्या जिवासाठी प्रार्थना म्हणायची. अनसेल्मोला त्या प्रार्थनेची भूक लागली. युरोपातल्या टाळ्यांनी ती भागेना. रविवारची दुपार, गिरणीला सुटी. तो मुलाला म्हणाला, "मिकाएला वाजवायला सांग. आणि उशी उंच कर. मला गाव बघू दे."

घंटा वाजली. दारं उघडली. माणसं बाहेर आली. खिडकीतून बघत त्याने हात जोडले.

एकानेही गुडघे टेकले नाहीत. बायकांनी शाली खोचल्या, भाकरी फडक्यात बांधल्या, आणि सारं गाव फाटकाकडे धावलं.

"आज रविवार ना गं?" एक म्हातारा धापा टाकत म्हणाला.

"मेल्याला देवाचा वारही सोडवत नाही," पेत्रा म्हणाली. "उचला पाय, फाटक लागेल."

माग खटखटू लागले. त्याने हाक मारली, "पेत्रा... सोयरे... ही माझ्यासाठी वाजतेय." मागांच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? त्या खटखटीतच त्याने डोळे मिटले.

हसलात? इथल्या घंटेवर कुणाचं नाव आहे, ते मला दिसतं. त्यांच्या कारखान्याचा भोंगा वाजला की कुणाच्या घरातलं तान्हं अंगावरून तोडलं जातं, तेही ठाऊक आहे. पुढच्या रांगेतल्यांनो, मान खाली घालू नका. मला उत्तर नको. उद्या तुमच्या कामगाराला विचारा, भोंगा ऐकून त्याच्या तोंडी काय येतं. ते उभ्याने ऐकून घ्या. तोवर या देवळातल्या घंटेला हात लावू नका.