वाटीखालचा रुपया

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष श्रीयुत धर्मचंदजी, व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय पाहुणे फत्तेसिंग पाटील, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती श्रीयुत भंवरलालजी सराफ, त्यांना न्यायला मारवाडातून एवढ्या लांब आलेले त्यांचे पुतणे पुखराजशेट, आणि बाजाराचा दिवस नसतानाही खांडबाऱ्याच्या या धर्मशाळेत वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मला थोडक्यात बोला म्हणून बजावलं आहे. स्टेशनमास्तर म्हणून उभी हयात मी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, तेव्हा वेळ पाळीन असं मंडळींना वाटलं असावं. पण आपल्याकडे गाडी वेळेवर येते का, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

अध्यक्षमहाराजांनी प्रास्ताविकात माझा उल्लेख भंवरलालजींचा नाण्यांच्या छंदातला जोडीदार असा केला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढे ते म्हणाले की, या दोघांनी दर बाजाराला एकेक सोन्याचं नाही तर चांदीचं नाणं विकत घेतलं, सगळ्यांची रास केली तर पोतं भरेल. सभा हसली, मीही हसलो. भंवरलालजी मात्र हसले नाहीत आणि पुखराजशेटही हसले नाहीत. ते का, हे सांगायला मी उभा आहे.

गेला आठवडाभर गावात जी कुजबुज चालली आहे, ती माझ्याही कानावर आली. नाणी न्यायला पुखराजशेट लोखंडी पेटी घेऊन आले आणि काकांच्या डब्यात निघाला फक्त एक रुपया. मग बाकीची नाणी गेली कुठे? म्हातारा तोंड उघडत नाही. कोणी म्हणतं जमिनीत पुरली, कोणी म्हणतं मास्तराने लाटली. मला काय म्हणायचं ते म्हणा. पेन्शनरावर चार आरोप झाले म्हणजे तो अजून जिवंत आहे, एवढं तरी गावाला कळतं. पण भंवरलालजींना त्यांच्याच घरात बसवून चोराला विचारावं तसं विचारलं जातं, हे मला सहन होत नाही. ते गप्प आहेत ते माझ्यामुळे. म्हणून बोलायचं काम माझं आहे.

मी या स्टेशनावर बदलून आलो तेव्हा इथली एकही बोली मला कळत नव्हती. बाजारात भिली, दुकानात अहिराणी, गाडीत गुजराती. माझं पुस्तकी मराठी तिकिटाच्या खिडकीपुरतंच चालायचं. माझी पत्नी दुसऱ्याच पावसाळ्यात हिवतापाने गेली. मूलबाळ नव्हतं. दोन गाड्यांच्या मधला वेळ कसा काढायचा, हा माझ्यापुढे रोजचा प्रश्न होता.

अशात एकदा भंवरलालजी सुरतेच्या गाडीसाठी धावत आले. गाडी सिग्नलला लागलेली. घाईघाईत त्यांनी खिडकीतून जे रुपये सरकवले, त्यांत एक फारसी अक्षरांचा जाडजूड रुपया होता, सुरतेच्या जुन्या टांकसाळीचा. कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच. मी तो परत केला आणि म्हटलं, शेटजी, हा खर्चू नका, हा पाहायचा असतो. सराफ माणूस, तोवर जुनं नाणं म्हणजे आटवायची चांदी, एवढंच त्यांना ठाऊक. ते माझ्याकडे बघतच राहिले. गाडी तेवढी चुकली नाही.

पुढच्या बाजाराला ते आपण होऊन स्टेशनात आले. डोंगरातल्या बायका गळ्यातल्या हारातले रुपये विकायला आणत, त्यातला एक त्यांनी न आटवता मला दाखवायला ठेवला होता. झालं, तिथून आमची बैठक सुरू झाली. बाजार मोडला की फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसायचं. ज्याची नवी खरेदी असेल त्याने ती बाकावर ठेवून वर पितळी वाटी पालथी घालायची. दुसऱ्याने वाटी उचलायची, भिंगातून बघायचं, आणि मग ज्याची वस्तू त्याने ती कुठे मिळाली ते सांगायचं.

यात एक नियम होता, तो मीच घातलेला. स्टेशनमास्तर व्यापाऱ्याजवळ नुसता बसलेला दिसला की मालाला वॅगन मिळवून द्यायची बोलणी चालली आहेत, असं लोक धरून चालतात. तेव्हा मी म्हटलं, कामाशिवाय बसायचं नाही. दोघांपैकी एकाकडे तरी नवं नाणं हवं, रिकाम्या हाताने बैठक नाही. शेटजींनी तो नियम देवाघरचा असल्यासारखा पाळला. मी नोकरीतून निघालो, वॅगन माझ्या हातात राहिल्या नाहीत, तरी नियम तसाच राहिला. आता नुसतंच बसू या का, असं म्हणायला काय हरकत होती? पण दोघांपैकी एकाचीही जीभ रेटली नाही.

त्या काळात आम्ही काय काय पाहिलं! माळेतल्या पुतळ्या, एक मोहोर, शहाजहानी रुपये. एक गिनी तर मी भंवरलालजींच्याच दुकानातून घेतली, सवलतीचं नाव काढू न देता त्यांनी पुरते पैसे वसूल केले, आणि त्याच संध्याकाळी बाकावर वाटी उचलून ती गिनी अशी पाहिली, जणू जन्मात पाहिली नव्हती. हातावर घोळवून म्हणाले, “वा, मास्तरसाहेब. आसी गिनी मी आजलोंग देखी नही.” पुढे हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं.

मग लढाई आली, सोनं हाताला लागेना, आणि माझी खरेदी थांबली. त्याच सुमारास भंवरलालजींच्या पत्नी लाडकंवरबाई यांचं दुखणं सुरू झालं. ते किती वेळा त्यांना सुरतेला घेऊन गेले, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. परत येताना त्यांची पिशवी दर वेळी हलकी असायची, ते मी पाहिलं आहे. डबा तिकडे रिकामा झाला, पुखराजशेट. बाईंच्या औषधापाण्यात. तरीही बाई गेल्या.

त्यांचे दिवस झाल्यावर पहिला बाजार आला. शेटजी आता कसले येतात, असं मनात म्हणत मी बाकावर बसलो होतो. ते आले. वाटी पालथी घातली आणि म्हणाले, “नवा शे. आजच लिधा.” आजच घेतलेला नवा म्हणून मी वाटी उचलली. सुरतेचा रुपया, आणि कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच.

मी मान वर केली. ते सिग्नलकडे बघत होते.

सांगा, मंडळी, तुम्ही काय म्हटलं असतं? मी भिंग लावलं, दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारलं, छान आहे, कुठे मिळाला? त्यांनी तळोद्याकडच्या एका बाईची गोष्ट सांगितली. चांगली लांबलचक सांगितली. पुढच्या बाजाराला मी माझ्या पेटीतली ती गिनी वाटीखाली ठेवली, त्यांनीच मला विकलेली. त्यांनी ती हातावर घोळवली, मला कुठे मिळाली ते विचारलं, आणि म्हणाले, आसी गिनी मी आजलोंग देखी नही.

तेव्हापासून एक बाजार रुपयाचा आणि एक बाजार गिनीचा. तो रुपया कधी अक्राणीच्या भिंतीत सापडला, कधी नवापूरच्या लाकूड ठेकेदाराने दिला, कधी तापीच्या वाळूत निघाला. माझी गिनी एकदा तर एका संस्थानिकाच्या घोड्याच्या गळ्यातून आली. ती गोष्ट ऐकून शेटजी खोकू लागले, पण त्यांनी दात काढले नाहीत. गाव लांबून बघत होतं आणि म्हणत होतं, आज पुन्हा नवी खरेदी. पोतं भरलं ते असं. पुखराजशेट, तुमच्या काकांनी काही लपवलं नाही आणि मी काही घेतलं नाही. त्या बाकावर दोन एकटी माणसं होती, आणि बसायला कारण हवं म्हणून आपलीच नाणी पुन्हा पुन्हा नवी करीत होती.

गेल्या बाजाराला रुपयाची पाळी होती. मी वाटी घेऊन बसलो. भंवरलालजींच्या काठीचा आवाज फाटकापर्यंत आला आणि थांबला. बराच वेळ ते तिथे उभे राहिले, मग काठी परत फिरली. डब्यातला रुपया पुखराजशेटनी सामानात बांधून टाकला होता, आणि ते रिकाम्या हाताने कसे येणार? मी उठून हाक मारायला हवी होती. उठलो नाही. माझाच नियम माझ्या आड आला, आणि मला फार वाईट वाटलं.

म्हणून काल सकाळी मी पुखराजशेटकडे गेलो आणि तो रुपया विकत मागितला. त्यांनी वजन करून चांदीच्या भावाने दिला. व्यवहार चोख, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याजवळ खरीखुरी नवी खरेदी आहे.

शेटजी, हे टेबल आपल्या बाकाहून उंच आहे, चालवून घ्या. ही वाटी. उचला. हे माझं भिंग घ्या आणि सावकाश बघा, सभेला घाई नाही.

मागच्या मंडळींना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. ते म्हणाले, “वा, मास्तरसाहेब. आसा रुपया मी आजलोंग देखा नही.” आणि मग त्यांनी विचारलं, “कोठे भेटना?”

शेटजी, आज गोष्ट रचायला नको. एका भल्या माणसाच्या डब्यात भेटला. तो आता तुमच्याजवळ ठेवा. तुमच्या गावी संध्याकाळी कोणीतरी ओट्यावर एकटा बसलेला दिसेल. त्याला दाखवा. कालच घेतला म्हणून सांगा.

वाटी मात्र मी ठेवून घेतो. उद्या तुमची गाडी गेल्यावर मी एकटा पडणार आहे. हे बोलून दाखवायची मला लाज वाटायची, म्हणून तर तुम्हाला फाटकातून परत जावं लागलं.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, फत्तेसिंग पाटलांनी घड्याळाकडे पाहिलं नाही आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात दोन घरांतल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, पाहुण्यांच्या समोर काही अधिकउणं बोललो असेन, ते पोटात घाला. आणि मंडळी, बाजार मोडल्यावर मी फलाटाच्या टोकाच्या बाकावर असतो. कोणाला यावंसं वाटलं तर रिकाम्या हाताने या.