विरजणाची वाटी

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न अगदी सोपा. पण उत्तर देताना भलेभले अडतात! माणूस मोठा कशानं होतो – देण्यानं, की मागण्यानं?

पुढे बसलेले काका लगेच म्हणाले, "देण्यानं!" छान! दानपेटी दाराशीच ठेवलीय काका, जाताना विसरू नका!

आता सगुणाबाईंची गोष्ट ऐका, मग बघू.

सगुणाबाई दुष्काळी माण तालुक्यातल्या. नवरा नाना – पोस्टमन म्हणून निवृत्त. मुलगा विलास मोठ्या शहरात नोकरीला. शहर कसलं? रोज हातपाय पसरतंय! पसरत पसरत पोचलं एका तळ्यापाशी. तिथे आठ-आठ मजल्यांची वसाहत उभी राहिली, विलासनं घर घेतलं आणि म्हणाला, "आई, नाना, आता चला माझ्याकडे."

निघालं बिऱ्हाड! आता ही बाई कशी? चाळीस वर्षं संसार केला, पण रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात गेली नाही. साखर संपली? चहा बिनसाखरेचा! केवढा अभिमान त्याचा! म्हणून टेम्पोत सगळं भरलं – वर्षाचं तिखट, कुरडया, सुईदोरा, पाटा-वरवंटासुद्धा! सहाव्या मजल्यावर पाटा चढवताना हमालांनी कुणाकुणाचं नाव घेतलं असेल – देवाचं तर नक्कीच नाही! आणि मांडीवर विरजणाचा डबा. सासूबाईंच्या वेळेपासून रोज लागत आलेलं दही!

पण वाटेत टेम्पो बंद पडला. डब्यानं दीड दिवस ऊन खाल्लं. नव्या घरात डबा उघडला, तर वर बुरशी!

तुम्ही म्हणाल, महाराज, दुकानात दही मिळतं की! अहो, आणलं! त्याचंच विरजण लावलं, तर दह्याला तार सुटली. नानांना संध्याकाळी दहीभात लागायचा. त्यांनी ताट सारलं. एक दिवस... दोन दिवस... पाच दिवस! चहावर माणूस! सगळा जन्म टँकरच्या रांगेत गेला, आता समोर एवढं पाणी – आणि हे गॅलरीत तळ्याकडे पाठ करून बसायचे.

शेवटी म्हणाले, "सगुणे, मला गावाला सोड. तिथं रस्त्यानं निघालो की दहा जण हाक मारायचे. इथं मला कुणी ओळखत नाही गं."

काय करावं बाईनं? गावी जावं, तर लेक-नातवंडं सुटतात. राहावं, तर नवरा डोळ्यांदेखत वाळतोय. हो, दह्यानं सगळं सुटणार नव्हतं, तिलाही कळत होतं. पण दोन घास तरी पोटात जाऊ देत!

तिनं वाटी घेतली. शेजारचं दार चार पावलांवर. आणि तुम्हाला ठाऊक आहे – दिवेलागण झाली की विरजण कुणी देत नाही. ऊन तर तळ्यावरून उतरायला लागलेलं! बेलपाशी हात गेला – परत आली. पुन्हा गेली – पुन्हा परत! चाळीस वर्षांचा ताठा हो, एका बोटातून कसा उतरायचा? तिसऱ्यांदा मात्र डोळे मिटले आणि बेल दाबली.

दार उघडलं. मालन पगारे – निवृत्त नर्स, एकट्याच राहायच्या. "पार्सल आहे का?"

वाटी पदराआड! मग हळूच पुढे केली. "विरजण... थोडं विरजण मिळेल का हो? आमचे नाना जेवत नाहीत..." आणि सगुणाबाईंना रडू आलं. परक्या दारात!

मालनबाईंनी वाटी हातात घेतली. "ताई, दोन वर्षं झाली मला इथं. बेल वाजते ती पार्सलवाल्याची. कुणी काही मागायला आलं, असं आज पहिल्यांदा झालं." आत गेल्या, आणि वाटी काठोकाठ भरून दिली.

रात्री लावलेलं दही सकाळी घट्ट लागलं. नाना दोन घास जेवले. दोनच! सगुणाबाईंनी तेवढ्यालाच देवापुढे हात जोडले.

दुपारी बेल वाजली. नानाच दाराशी गेले. समोर मालनबाई – हातात रिकामी वाटी! "नाना, काल सगळंच दही देऊन बसले बघा. विरजणाला ठेवायचंच राहिलं! द्याल का थोडं?"

तीस वर्षं थेंब मोजून औषध देणारी बाई – विसरली? मी काही बोलत नाही! तुम्हीच ठरवा!

नाना आत वळून केवढ्यानं ओरडले, "अगं सगुणे, चहा टाक! शेजारच्या आल्यात!" आणि त्या दिवशी चहाबरोबर गावाचा विषय निघाला – जायचा नव्हे हं, मालनबाईंना सांगायचा! कुठल्या घरी कुणाचं पत्र दिलं, कुठलं कुत्रं मागे लागलं... तास झाला, तरी संपेना!

आता काका, सांगा बघू – मोठं कोण? देणारी, की मागणारी? आणि दोघींत देणारी कुठली, मागणारी कुठली?

मंडळी, तुमची घरं भरलेली आहेत. देवानं काही कमी ठेवलेलं नाही, फ्रिजमध्ये सात डबे! पण भिंतीपलीकडे कोण राहतं – नाव सांगा! बघा, माना खाली गेल्या. आज घरी जाताना काही विकत घेऊ नका. वाटी घ्या, शेजारची बेल वाजवा, आणि मागा. लाज वाटेल, वाटू दे. पलीकडे कुणीतरी दोन वर्षं त्या बेलची वाट बघत बसलंय. चला, उठा – दिवेलागणीला अजून अर्धा तास आहे!