वर्षाराणीचा पॅच

बिभीषण : ...आन मंग दवाखान्यातून फोन आला. मी बदनापूरच्या रेल्वे फाटकापाशी उभा होतो. तुमची मंडळी गेली म्हणले. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवून राह्यले, मी तिथंच.

रेणुका : दाजी, हे रोज सांगता तुम्ही. बसा ना जरा.

बिभीषण : बसवत न्हाई. तुझ्या ताईचं, माझ्या वर्षाराणीचं शेवटचं काम हाय हे, कोडातल्या बदलाचं पॅच. लिनक्सच्या कर्नलमधी, त्या सिस्टिमच्या गाभ्यात गेलं पायजे. मेमरी न्हाई भेटली तर काय, ते तपासा, असं तिथले कोड तपासणारे म्हणल्ते तिला. ते मी केलं. आता पाठवून देतो.

रेणुका : तुम्ही तर कापडवाल्यांच्या वेबसाईटा बनवता. डिव्हाइस चालवणारा कोड, ड्रायव्हर, ती लिहायची.

बिभीषण : एवढी वर्सं शेजारी बसून काय नुसता च्या पेलो का? जुना कोड डिव्हाइसच्या नावाची लांबी मोजायचा, तेवढी मेमरी मागायचा, मंग नाव कॉपी करायचा. तिनं तिन्हीच्या जागी एकच ओळ लिहिली.

रेणुका : आणि पॅचच्या खाली सहीच्या ओळीत एकटं तिचंच नाव?

बिभीषण : काम तिचं हाय.

रेणुका : लेखक म्हणून नाव तिचंच राहील. तिनं केलेली सहीपण राहील. पण बदल तुम्ही केला, पाठवणार तुम्ही. तिच्या सहीखाली तुमची लागते. तिथली रीतच आहे ती.

बिभीषण : लोक म्हणतील, बायको गेली न् हा तिच्या कामावर नाव टाकून राह्यला.

रेणुका : कोण म्हणतील? जुन्या जालन्यातले कापडवाले कर्नल वाचतात का?

बिभीषण : हसू नको.

रेणुका : बरं. चालवून पाहिलं?

बिभीषण : सकाळपासून तेच करून राह्यलो. डिव्हाइसची वायर काढली की मशीन बसतंय, पार बंद पडतंय.

रेणुका : सरका, ताईनं मलापण शिकवलंय हे, बघू द्या... ताईच्या नव्या ओळीनं घेतलेली मेमरी डिव्हाइस काढल्यावर आपोआप सुटते. आणि इथं खाली मेमरी सोडायची जुनी ओळ तशीच. एकच मेमरी दोनदा सोडली जाते, म्हणून बसतंय मशीन. ताईनं ही ठेवली?

बिभीषण : तिनं काढल्ती.

रेणुका : मग?

बिभीषण : मी परत घातली. आजारी होती, वाटलं, चुकून उडाली.

रेणुका : दाजी, तिचं बरोबर होतं.

बिभीषण : ...हं. काढली.

रेणुका : आता वायर काढा.

(तो वायर काढतो. पुन्हा लावतो. पुन्हा काढतो.)

बिभीषण : न्हाई बसलं.

रेणुका : मग पाठवा.

बिभीषण : पाठवतो. तिची सही हाय. खाली माझी करायची राह्यलीय.