फादरच्या डोक्यावरचा पाय

ता. ९ मार्च १९२३

मी, हॅनोरा लिहेन, वय ४१, अविवाहित, धंदा गाई पाळणे व लोणी विकणे, रा. ग्लानाफीन, जि. कॉर्क, आज चौकीत आपण होऊन हजर झाले असून सार्जंट ब्रॉफी यांच्या समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ कॉर्नेलियस असे दोघेच राहतो. त्याला सगळे कॉन म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात जनरल ल्यूक डिनीन यांना बार्नाबुईच्या खिंडीत गोळी घालून मारल्याच्या आरोपावरून कॉनला परवा हीलीच्या गुत्त्यातून धरून आणलं. उद्या लष्कराची लॉरी त्याला घेऊन जाणार आहे. नेलेल्या माणसांना भिंतीपाशी उभं करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जनरलला कॉनने मारलेलं नाही, एवढंच सांगायला मी आले आहे. सार्जंटसाहेबांनी इथे आधी 'सदर इसम' असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं.

इंग्रज होते तोवर जनरल आणि कॉन एकाच बाजूला होते. जनरल तेव्हा जनरल नव्हता, इंग्रजांच्या शिपायांना हवा असलेला एक हडकुळा मुलगा होता. तो आमच्या माळ्यावर लपायचा. मी भाजलेला ताकातला पाव खायचा आणि रोज म्हणायचा, "हॅना, मीठ विसरलीस." मी कधीही विसरले नव्हते. कॉन त्याच्या मागेमागे असायचा, त्याच्यासारखी टोपी तिरकी घालायचा. मग इंग्रजांशी करार झाला आणि त्यावरून आम्ही आयरिश माणसंच आपसांत लढू लागलो. डिनीनने करार मानला आणि नव्या सरकारच्या फौजेत जनरल झाला. कॉनने मानला नाही आणि कॉनच राहिला. करार न मानणाऱ्यांनी त्याला एक बंदूक दिली होती. ती पहिल्याच आठवड्यात आमच्या विहिरीत पडली. पुन्हा दिली नाही.

घटनेच्या दिवशी सकाळी आमच्या घरी मिस्सा, म्हणजे फादरची प्रसादाची प्रार्थना, होता. सार्जंटसाहेब डब्लिनचे, त्यामुळे सांगावं लागतं की आमच्याकडे फादर पाळीपाळीने एकेका घरी येऊन मिस्सा करतात. आसपासची सगळी घरं त्या स्वयंपाकघरात गुडघे टेकतात आणि नंतर फादर काय खातात ते बघतात. आमची पाळी पुष्कळ वर्षांनी आली होती. भिंतींना मी स्वतः चुना दिला होता. परंतु करार न मानणाऱ्यांची पापकबुली ऐकायची नाही व त्यांना प्रसाद द्यायचा नाही, असं बिशपांनी त्याच सुमारास फर्मावलं होतं. चारचौघांत प्रसादाविना बसून राहायची कॉनला लाज वाटली, म्हणून स्वतःच्या घरातल्या मिस्साच्या वेळी तो माळ्यावर जाऊन लपला.

फादर हर्ली यांनी प्रसाद दोन्ही हातांनी वर उचलला, घंटी वाजली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याच वेळी खिंडीकडून गोळ्यांचे आवाज आले. माळ्यावर कॉन धडपडून उठला. कुजकी फळी मोडून त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली आला आणि फादरच्या डोक्यावर लोंबत राहिला. मोजा फाटका होता. फळी मोडल्याचा आवाज लोकांना गोळीचाच वाटला. प्रसाद वर उचलल्यावर मान वर करायची नसते, त्यामुळे शेजाऱ्यांपैकी कोणीही पाय पाहिला नाही. फादरना मात्र वर बघावंच लागतं. आणि मी चुलीवरच्या अंड्यांकडे बघत होते, तिथून माझी नजर वर गेली. या पापाची कबुली माझी देऊन झाली आहे.

दुपारी जनरलचेच सैनिक आमच्या विहिरीवर पाणी प्यायला आले. "तू आधी झाडलीस," "नाही, तू झाडलीस," असं एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. मला बघून गप्प झाले. जनरल गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. मी वर जाऊन कॉनला सांगितलं. तो बरेच दिवस माळ्यावरून उतरला नाही. रडत होता. मीही रडले.

नाताळ झाल्यावर हीलीच्या गुत्त्यात गावातला एकेक पुरुष खिंडीत होता असं निघू लागलं. एवढी माणसं खिंडीत असती तर जनरलला गोळीची गरज नव्हती, चेंगरूनच मेला असता. कोणीतरी कॉनला म्हणालं, "आणि तू कुठे होतास रे? बहिणीच्या एप्रनमागे?" कॉन म्हणाला, "गोळी माझी होती." तेव्हापासून त्याला कोणी एप्रनवरून बोललं नाही आणि पेलाही कधी रिकामा राहू दिला नाही. खरा मारणारा कोण, ते मला माहीत नाही. जो कोणी आहे तो गुत्त्यात तोंड उघडत नसणार, एवढं मात्र नक्की.

काल मी सार्जंटसाहेबांना खिंडीतल्या सगळ्या शूरांची नावं सांगितली. मला वाटलं, कॉन गर्दीत झाकला जाईल. साहेबांनी एकेकाला बोलावलं. सगळ्यांना मिस्सा आठवला. फादरनी अंडी किती मऊ मागितली तेही आठवलं. टिम हॅरिंग्टन तर शपथेवर म्हणाला, "मी चुलीजवळच गुडघे टेकले होते, साहेब. कॉन? छे, कॉन काही दिसला नाही बुवा तिथे." म्हणजे मीच माझ्या भावाला खिंडीत एकटा उभा केला. रात्रभर मला झोप लागली नाही.

आज सकाळी फादर हर्लींकडे गेले. म्हटलं, "फादर, पाय तुम्ही पाहिलात." ते म्हणाले, "हॅना, त्या क्षणी मला देवाशिवाय काही दिसत नाही." मी म्हटलं, "देवाचा मोजा फाटका होता का?" त्यांनी दार लावून घेतलं. त्या छपराखाली कॉन होता हे बिशपांना कळलं, तर फादरना कुठल्यातरी बेटावर मेंढ्यांना प्रवचन द्यायला पाठवतील. मला त्यांची कीव येते, पण आज नाही.

म्हणून हे मला एकटीला सांगावं लागत आहे. सार्जंटसाहेबांनी कॉनला समोर आणवलं व माझं म्हणणं ऐकवलं. तो म्हणाला, "खोटं आहे. ही म्हातारी झालीय, साहेब." साहेबांनी त्याला उजव्या पायाची विजार वर करायला सांगितली. फळीच्या धारेने सोलल्याची खूण तिथे अजून आहे. कॉनने विजार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. ती खूण गोळीची असती तर त्याने गुत्त्यात टेबलावर चढून दाखवली असती. साहेबांनाही ते कळलं. शिपायाला त्याचे हात धरायला सांगून त्यांनी खूण बघितली आणि म्हणाले, "लॉरीवाल्यांना आधी हा कागद वाचावा लागेल."

कॉन मला म्हणाला, "हॅना, खोडायला सांग ते. अगं, जन्मभर हसतील मला लोक."

मी म्हटलं, "हसू देत. तेवढंच मागायला आलेय मी."

वरील सर्व मजकूर सार्जंटसाहेबांनी मला व कॉनला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना दारातला शिपाई हसला. मला बरं वाटलं. मी बोलले तेच यात आहे, जास्त नाही, कमी नाही.

सही: हॅनोरा लिहेन