एसीची पिप

वायरमन : हा तुमचा फ्रिज. गुणी बाळ. थोडा चालतो, थोडा झोपतो. गिझर सकाळी सहाला, इस्त्री आठला. आठ दिवस झाले, प्रत्येक प्लगला माझी डबी लावलीय ना, तिच्यातलं सगळं इथे मोबाइलवर दिसतं. घरात कोण किती वाजता काय लावतं, बायकोला माहीत नसेल तेवढं मला माहीत.

मुलगा : ते ठीक आहे हो. नवा ओव्हन झेपेल का, तेवढं सांगा. मागे मेन स्विच सारखा पडायचा. आता दोन महिन्यांत एकदाही नाही.

वायरमन : कोणी दुरुस्त केला?

मुलगा : कोणी नाही. थांबलं आपोआप.

वायरमन : साहेब, वीस वर्षं वायरी ओढतोय. आपोआप काही थांबत नाही. हे बघा, तुमच्या खोलीतला एसी. सोमवारी दहा वाजून दोन मिनिटांनी चालू. आणि हा पलीकडच्या खोलीतला प्लग दहा वाजून तीन मिनिटांनी बंद. संध्याकाळी साडेसहाला एसी बंद, की लगेच हा चालू. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. कसला प्लग आहे हा?

मुलगा : पलीकडे नाना असतात. माझे वडील.

वायरमन : दोन्ही एकाच लायनीवर आहेत. दोन्ही चाललं की मेन पडणारच. त्यांच्याकडे काय आहे, हीटर?

मुलगा : ऑक्सिजनचं मशीन.

वायरमन : अरे बापरे.

मुलगा : जेवण-अंघोळ सोडून दिवसभर लावायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. थांबा. (मोठ्याने) नाना! मशीन लावलंय ना?

नाना : (पलीकडच्या खोलीतून) हो हो, लावलंय. तू… तू कर तुझं काम.

वायरमन : साहेब, इथे शून्य दाखवतंय. आत्ता. या घडीला.

मुलगा : म्हणजे माझा एसी लागला की नाना मशीन बंद करतात.

वायरमन : त्यांना कसं कळतं, तुमचा एसी लागला ते?

मुलगा : रिमोट दाबला की पिप वाजते. भिंतीपलीकडे ऐकू जाते.

वायरमन : पण कशाला बंद करायचं?

मुलगा : मी ओरडलो होतो. ऐन मीटिंगमध्ये लाइट गेले. तसाच उठून त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, एक तर तुमचं मशीन चालेल नाहीतर माझी नोकरी, काय ते ठरवा.

वायरमन : रागात बोलतो माणूस.

मुलगा : रागाचं सोडा हो. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन का उतरतोय? तर मीच त्यांना सांगितलं, नाना जागचे हलत नाहीत, आळशी झालेत. ते तिथेच बसले होते. हसले नुसते. लाज वाटते मला. वेगळी लाइन टाकायला किती वेळ लागेल?

वायरमन : अर्धा दिवस. वायर गाडीतच आहे.

मुलगा : अर्धा दिवस! आणि मला दोन महिने सुचलं नाही.

वायरमन : आता ते बोलत बसू नका. आधी एसी बंद करा.

(पिप वाजते.)

नाना : (पलीकडून) इतक्यात आटोपलं का रे काम? मग… लावू का मी आता?